‘आढळले नाही’ म्हणजे नेमके किती आढळले नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईतल्या सोसायट्यांच्या टाक्या धुतल्या जातात आणि पाठोपाठ नोटीस बोर्डावर पाणी तपासणीचा कागद लागतो. पीएच, गढूळपणा, उर्वरित क्लोरीन, ई. कोलाय ही नेहमीची मंडळी. काही कागदांवर आता आणखी एक ओळ असते : ‘हॅलोअ‍ॅसिटिक आम्ले – आढळली नाहीत. पद्धत – एचपीएलसी.’ सेक्रेटरी निर्धास्त, सभासदही निर्धास्त. पण एचपीएलसी (द्रवात विरघळलेले घटक बारीक नळीतून ढकलून वेगळे करणारे आणि मोजणारे यंत्र) हे यंत्राचे नाव झाले, पद्धतीचे नव्हे. ‘प्रवास – लोकलने’ एवढेच लिहिले तर गाडी बोरिवली स्लो होती की कर्जत फास्ट हे कळत नाही, तसेच हे. आणि या आम्लांच्या बाबतीत कोणती गाडी पकडली यावरच आकडा खरा की खोटा हे ठरते. म्हणून जरा सविस्तर लिहितो. जागा जास्त लागेल, त्याबद्दल क्षमस्व.

आधी आम्लांविषयी थोडक्यात. व्हिनेगरमधल्या अ‍ॅसिटिक आम्लाच्या एका कार्बनवर तीन हायड्रोजन असतात. त्यांच्या जागी क्लोरीन किंवा ब्रोमीन बसले की एकूण नऊ आम्ले होतात : एक हॅलोजन (क्लोरीन किंवा ब्रोमीन) असलेली दोन (मोनो), दोन असलेली तीन (डाय) आणि तीन असलेली चार (ट्राय). वैतरणा, भातसा, तानसाच्या पाणलोटात जंगलाचा पालापाचोळा कुजतो, त्यातली ह्युमिक द्रव्ये पाण्यात उतरतात आणि शुद्धीकरणात क्लोरीन घातला की त्याच्याशी जोडली जाऊन ही आम्ले तयार होतात. क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडे, म्हणजे ट्रायहॅलोमिथेन, याच प्रक्रियेतून येतात. ती पाणी उकळल्यावर बरीचशी उडून जातात, डायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल मात्र उकळीला फारशी दाद देत नाही. अमेरिकेत यांतल्या पाच आम्लांची (मोनोक्लोरो, डायक्लोरो, ट्रायक्लोरो, मोनोब्रोमो आणि डायब्रोमो) बेरीज लिटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत असावी लागते आणि युरोपीय संघाच्या २०२० च्या पेयजल निर्देशातही तोच आकडा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने बेरीज न करता प्रत्येकाला वेगळी मर्यादा दिली आहे : मोनोक्लोरोला २०, डायक्लोरोला ५० आणि ट्रायक्लोरोला २०० मायक्रोग्रॅम. आपल्या आयएस १०५०० : २०१२ या पेयजलाच्या भारतीय मानकात ट्रायहॅलोमिथेनच्या चारही संयुगांना मर्यादा आहेत, या आम्लांना नाही. साहजिकच ‘कोणत्या पातळीपर्यंत शोधले?’ हे लॅबला विचारायची सवय कुणाला लागलेली नाही.

यावरून क्लोरीनच नको असा अर्थ कुणी काढू नये. पावसाळ्यातली गॅस्ट्रो आणि कावीळ क्लोरीननेच आटोक्यात राहते. मुद्दा फक्त मोजमापाचा आहे.

आता नेहमीची एचपीएलसी घेऊ : सी-१८ कॉलम (तेलकट साखळ्या बांधलेल्या सिलिका कणांनी भरलेली नळी), आम्लधर्मी फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) आणि २१० नॅनोमीटरवर यूव्ही डिटेक्टर (यूव्ही किरण किती शोषले गेले ते मोजणारा). फार्मा कंपनीच्या प्रत्येक क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये हा संच असतोच. त्यात २० मायक्रोलिटर पाणी टोचले आणि पाण्यात पाचही आम्ले मिळून ६० मायक्रोग्रॅम प्रति लिटर असली, तर कॉलमवर जाणारा माल १.२ नॅनोग्रॅम, तोही पाच जणांत वाटलेला. या आम्लांमध्ये यूव्ही शोषणारा भाग म्हणजे कार्बोक्सिल गट, आणि २१० वर त्याचे शोषण अगदी बेताचे. एवढ्या मालाचे पीक (शेतातले नव्हे, आलेखावरचे) बेसलाइनच्या थरथरीत विरून जाते. मग ‘आढळले नाही’ असे लिहिले जाते. ते खोटे नसते, पण त्याला अर्थही नसतो.

याहून वाईट गोष्ट नायट्रेटची. नायट्रेट पिण्याच्या पाण्यात थोडेफार असतेच (मानकात मर्यादा ४५ मिलिग्रॅम) आणि २०० ते २२० नॅनोमीटरच्या पट्ट्यात ते जोरदार शोषण करते. पाण्यात लिटरला अवघे २ मिलिग्रॅम नायट्रेट असले तरी २० मायक्रोग्रॅम आम्लाच्या ते शंभरपट झाले, आणि वर रेणूमागे शोषण कितीतरी अधिक. सी-१८ कॉलम नायट्रेटला धरून ठेवत नाही, ते सुरुवातीलाच बाहेर पडते. मोनोक्लोरोअ‍ॅसिटिक आम्लही सगळ्यांत आधी, जवळपास त्याच सुमारास येते. २५० बाय ४.६ मिलिमीटरच्या कॉलमवर मिनिटाला १ मिलिलिटर प्रवाह असेल, तर जे अजिबात थांबत नाही ते अडीच मिनिटांच्या आसपास निघते. २.६ मिनिटांवरच्या पीकला ‘मोनोक्लोरो’ असे नाव दिलेले दिसले तर समजावे की बहुधा ते नायट्रेटच आहे. खात्री करणे अवघड नाही. सोडियम नायट्रेटचे लिटरला ५ मिलिग्रॅमचे द्रावण एकटे टोचा, मग युरॅसिल टोचून न थांबणाऱ्या पदार्थाची वेळ काढा आणि दोन्ही आलेख नमुन्याच्या आलेखावर ठेवून बघा. दहा मिनिटांत निकाल लागतो.

पीएचचे गणितही समजून घेतले पाहिजे, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो. अ‍ॅसिटिक आम्लाचा पीकेए (ज्या पीएचवर निम्मे रेणू विद्युतभारित होतात तो आकडा) ४.७६. एक क्लोरीन लागला की तो २.८७ वर येतो, दोन लागले की १.३ च्या आसपास आणि तीन लागले की १ च्याही खाली. मोबाइल फेजचा (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणाचा) पीएच २.२ ठेवला तर मोनोक्लोरोचे जेमतेम १८ टक्के रेणू भारित असतात, डायक्लोरोचे जवळपास ९० टक्के आणि ट्रायक्लोरोचे तर जवळजवळ सगळेच. भारित रेणूला सी-१८ वर पाय रोवता येत नाही. तरीही ट्रायक्लोरो शेवटी येते, कारण तीन क्लोरीनांचा तेलकटपणा त्याला ओढून धरतो. म्हणजे एकाच कॉलमवर दोन विरुद्ध ओढी चाललेल्या असतात आणि पीएच थोडा हलला तरी तोल बदलतो. बफर २.२ ऐवजी २.६ चा झाला, तर मोनोक्लोरोचा भाररहित हिस्सा ८२ टक्क्यांवरून ६५ वर येतो, म्हणजे कॉलमवरची त्याची पकड पाचव्या हिश्शाने सुटते आणि ते नायट्रेटच्या आणखी जवळ सरकते. मग पीएच १ करावा का? नाही. २ च्या खाली सिलिकावर बांधलेल्या सी-१८ साखळ्या तुटून वाहून जायला लागतात आणि महिनाभरात कॉलम निकामी होतो. बफरचा पीएच नेहमी सेंद्रिय द्रावक मिसळण्याआधी, दोन ताज्या प्रमाणित द्रावणांनी मीटर लावून मोजावा. मिसळल्यानंतर मीटर जो आकडा दाखवते त्याचा फारसा अर्थ उरत नाही.

मोनोक्लोरोला जास्त वेळ धरण्यासाठी मोबाइल फेज पूर्ण पाण्याचा ठेवण्याचा मोह होतो. साध्या सी-१८ वर तसे केले की पंप थांबताच सच्छिद्र कणांतून पाणी बाहेर पडते, साखळ्या चिकटून बसतात आणि दुसऱ्या दिवशी सगळी पीके पुढे धावलेली दिसतात. कॉलम बिघडला म्हणून नवा मागवला जातो. प्रत्यक्षात पन्नास-साठ टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलने अर्धा तास धुऊन पुन्हा बफरवर आणला तर बहुधा तोच कॉलम शुद्धीवर येतो. शंभर टक्के पाणी चालवायचेच असेल तर त्यासाठी बनवलेला, एक्यू नावाने मिळणारा कॉलम घ्यावा. मात्र धुताना फॉस्फेटवरून एकदम अ‍ॅसिटोनायट्राइलवर जाऊ नये. मीठ जागच्या जागी बसते आणि पंपाचे सील खाते. मधे पंधरा-वीस मिनिटे साधे पाणी चालवावे. आणि शनिवारी दुपारी बफर भरलेले यंत्र तसेच सोडून घरी जाणाऱ्याने सोमवारी पंपाला नावे ठेवू नयेत.

टेट्राब्यूटिल अमोनियमसारखे आयन-पेअर (आम्लाच्या भाराला जोडीदार पुरवणारा पदार्थ) वापरून आम्ले जास्त वेळ थांबवता येतात आणि वेगळीही छान होतात. पण तो कॉलम मग त्याच कामाला कायमचा वाहिलेला राहतो आणि तो पदार्थ मास स्पेक्ट्रोमीटरच्या जवळपासही न्यायचा नसतो. थोडक्यात, यूव्हीवर वेगळे करण्याचा प्रश्न सुटतो, संवेदनशीलतेचा सुटत नाही. पाणी पीएच १ च्या खाली आणून पॉलिमर कार्ट्रिजवर पन्नासपट दाट करता येते, परंतु मोनोक्लोरो तेवढे पाणीवेडे असल्याने कार्ट्रिजमधून निसटते. आणि सगळ्यांत कडक मर्यादा नेमकी त्यालाच.

याचा अर्थ यूव्ही टाकाऊ आहे असा नाही. रसायन कारखान्यात मोनोक्लोरोअ‍ॅसिटिक आम्लात डायक्लोरोची भेसळ किती, हे पाहायला तीच पद्धत उत्तम. ग्रॅमभर माल लिटरभर पाण्यात विरघळवला तर अर्धा टक्का डायक्लोरो म्हणजे लिटरला ५ मिलिग्रॅम. ते स्पष्ट दिसते. (तो माल हाताळणाऱ्यांसाठी : मोनोक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल त्वचेतून शरीरात भिनते, आणि वितळलेला माल अंगावर उडाल्याने माणसे दगावलेली आहेत. ‘व्हिनेगरचाच प्रकार’ म्हणून त्याला हलक्यात घेऊ नये.) टक्क्यांच्या जगात जे चालते ते लिटरला मायक्रोग्रॅमच्या जगात चालत नाही, एवढेच.

पाण्यासाठी योग्य वाट म्हणजे लिक्विड क्रोमॅटोग्राफीच्या पुढे टँडेम मास स्पेक्ट्रोमीटर (आयनांचे, म्हणजे भारित रेणूंचे, वजन करून मग त्यांच्या तुकड्यांचेही वजन करणारे यंत्र). नमुना दाट करावा लागत नाही, रसायने घालून रूप बदलावे लागत नाही, ५० ते १०० मायक्रोलिटर पाणी थेट टोचता येते. पण इथे एक गैरसमज पक्का रुजलेला आहे : मास स्पेक्ट्रोमीटर वजनावरूनच ओळखतो, मग कॉलमवर वेगळे करण्याची एवढी काय गरज?

गरज आहे, आणि ती एका योगायोगामुळे. ब्रोमीन-७९ आणि क्लोरीन-३५ यांच्यातला फरक ४४. कार्बन डायऑक्साइडचे वजनही ४४. तीन हॅलोजनची आम्ले यंत्राच्या तापलेल्या तोंडाशी आली की पटकन कार्बन डायऑक्साइड टाकून देतात. डायब्रोमोक्लोरो आम्लाचा आयन २५१ वर असतो, तो ४४ गमावून २०७ होतो. आणि ब्रोमोडायक्लोरो आम्लाचा अखंड आयन कुठे असतो? २०७ वरच. तसाच ट्रायब्रोमोचा आयन २९५ वरून २५१ वर उतरतो, जिथे डायब्रोमोक्लोरो आधीच बसलेले आहे. आणि ब्रोमोडायक्लोरो २०७ वरून १६३ वर येते, जिथे ट्रायक्लोरोचा जड समस्थानिक हजर असतो. चाळीच्या जिन्यासारखा प्रकार : प्रत्येक जण एक मजला उतरून शेजाऱ्याच्या दारात. दोन हॅलोजनवाल्यांचेही तेच. डायब्रोमो २१७ वर, त्याचा तुकडा १७३ वर. ब्रोमोक्लोरोचा अखंड आयन १७३ वर. पुढचा तुकडा पाहून काही जोड्या ओळखता येतात. ट्रायक्लोरोचा तुकडा ११७ वर येतो, ब्रोमीन असलेली ७९ किंवा ८१ देतात. पण २०७ वरून ७९ हा मार्ग धरला आणि दोन्ही आम्ले कॉलमवरून एकाच वेळी आली, तर कोणाचे किती हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. वेळेत वेगळे केल्याखेरीज गत्यंतर नाही.

म्हणून पद्धत बसवताना नऊ आम्लांचे मिश्रण टोचून नऊ पीके दिसली की काम झाले असे मानू नये. एकेक आम्ल एकटे टोचावे आणि उरलेल्या आठांच्या मार्गांवर काही उमटते का ते बघावे. जिथे उमटते तिथे ती दोघे आलेखावर बेसलाइनपर्यंत अलग असली पाहिजेत. यंत्राच्या तोंडाचे तापमान ट्रायब्रोमोचा सिग्नल बघत ठरवावे. फार्माच्या सवयीने ते चढे ठेवले की आधी हेच आम्ल गळते. डायब्रोमोची खूण मात्र सुरेख असते : २१५, २१७, २१९ या तीन आयनांचे प्रमाण १ : २ : १. तसे दिसले नाही तर ते दुसरेच काहीतरी आहे.

सी-१८ आणि फॉर्मिक आम्लाची जोडी घेतली तर पीएच २.७ च्या आसपास येतो. पकडीची अडचण वर सांगितली तीच, शिवाय फॉर्मिक आम्ल ऋण आयनांचा सिग्नल दाबते. जमवून घेता येते, पण जमवून घेण्यापलीकडे ते जात नाही. माझे मत आयन क्रोमॅटोग्राफीच्या (भारावरून आयन वेगळे करणाऱ्या पद्धतीच्या) बाजूने आहे. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेची २००९ ची ५५७ क्रमांकाची पद्धत त्यावरच उभी आहे. तिथे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या प्रवाहात आम्ले पूर्ण भारित असतात, त्यामुळे पीएचशी झगडा नाही. आधी मोनो, मग डाय, मग ट्राय अशी शिस्तीत येतात आणि डिटेक्टरपूर्वी सप्रेसर हायड्रॉक्साइडचे साधे पाणी करून टाकतो. वरच्या जिन्याच्या भानगडीवर उपाय म्हणून ब्रोमीन असलेल्या तिन्ही ट्राय-आम्लांचा या पद्धतीत कार्बन डायऑक्साइड गमावलेला आयनच मोजतात : १६३, २०७ आणि २५१. एका नमुन्याला जवळपास तास लागतो. आठ नमुने, ब्लँक (आम्ले नसलेले पाणी), स्टँडर्ड (आम्लांचे प्रमाण माहीत असलेली द्रावणे) आणि तपासणीची द्रावणे धरली की रात्र गेली. पण सकाळी आकड्यांवर सही करताना हात थरथरत नाही.

या पद्धतीत मुंबईला नडणारी गोष्ट म्हणजे कॉलमचे तापमान : १५ अंश. हायड्रॉक्साइडमध्ये तीन हॅलोजनची ब्रोमीनवाली आम्ले उष्णतेने फुटतात, म्हणून इतके थंड. आपल्याकडचे अनेक कॉलम ओव्हन फक्त तापवतात, थंड करत नाहीत. डिस्प्लेवर १५ टाकले तरी मे महिन्यात आत २७ अंश असतात आणि ट्रायब्रोमोचा आकडा गुपचूप घटतो. नमुन्यांचा ट्रेही १० अंश किंवा त्याखाली हवा. दुसरी काळजी क्लोरीन मारण्यासाठी नमुन्यात घातलेल्या अमोनियम क्लोराइडची. लिटरला १०० मिलिग्रॅम घातले की ६६ मिलिग्रॅम क्लोराइड आपणच वाढवतो. त्याचा लोंढा मोनो आणि डाय यांच्या मधल्या वेळेत येतो, तो झडप फिरवून बाहेर सोडायचा असतो, सल्फेटचेही तसेच. कॉलम जुना होतो तशा या खिडक्या पुढे सरकतात. दर तुकडीआधी कंडक्टिव्हिटी डिटेक्टरवर क्लोराइड कुठे आहे ते पाहून झडपेची वेळ लावली नाही, तर एक दिवस शेजारचे एखादे आम्ल क्लोराइडबरोबर गटारात जाते आणि अहवालात पुन्हा ‘आढळले नाही’. स्टँडर्डही निव्वळ शुद्ध पाण्यात करू नयेत. क्लोराइड आणि सल्फेट प्रत्येकी २५० आणि बायकार्बोनेट १५० मिलिग्रॅम असलेल्या कृत्रिम पाण्यात करावेत. कार्बन-१३ असलेली अंतर्गत स्टँडर्ड प्रत्येक नमुन्यात घालावीत. त्यांचे पीक नेहमीच्या निम्म्याखाली गेले तर पाण्यातले क्षार सिग्नल दाबत आहेत असे समजून नमुना पातळ करून पुन्हा चालवावा.

एक विनोद आम्हा लोकांतला : या आम्लांच्या तपासणीतला सगळ्यांत मोठा उपद्रव हाही एक हॅलोअ‍ॅसिटिक आम्लच आहे. ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे टीएफए, पेप्टाइडच्या कामात मोबाइल फेजमध्ये सर्रास घालतात. ज्या यंत्रावर ते चालले, तिथल्या नळ्या, सील आणि डीगॅसर ते आठवडेन् आठवडे सोडत राहतात. ऋण आयनांत ११३ वर त्याचा डोंगर उभा राहतो आणि बाकीच्यांचा आवाज दाबतो. लॅब निवडताना हा प्रश्न आधी विचारावा.

आता बाटली. निम्म्या चुका यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच झालेल्या असतात. पाण्यातला क्लोरीन जिवंत ठेवला तर तो बाटलीतही आम्ले बनवत राहतो, म्हणून तो मारावा लागतो. तपासनीस येतो तो जिवाणू तपासणीची निर्जंतुक बाटली घेऊन. तीत सोडियम थायोसल्फेट असते. क्लोरीन त्याने चटकन मरतो. पण थायोसल्फेट ब्रोमोअ‍ॅसिटिक आम्लालाही खाते : ब्रोमीन काढून टाकते आणि त्या जागी स्वतः चिकटते. एमएस्सीला भौतिक रसायनशास्त्र घेतलेल्यांना हे आठवेल, क्षारांचा अभिक्रियेच्या वेगावर होणारा परिणाम शिकवताना ब्रोमोअ‍ॅसिटेट आणि थायोसल्फेट हेच पाठ्यपुस्तकी उदाहरण असते. परीक्षेत लिहिलेले बाटलीपाशी विसरू नये. एकाच बाटलीतून दोन तपासण्या केल्या तर ब्रोमीनची आम्ले वाटेतच संपू शकतात. योग्य रीत अशी : अंबर काचेची वेगळी बाटली, २५० मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम अमोनियम क्लोराइड आधीच घातलेले, नळ काही मिनिटे वाहू देऊन मग हळू भरायची, उतू जाऊ द्यायची नाही, झाकण लावून हलवायची आणि लगेच बर्फात ठेवायची. पुढे ६ अंशांच्या आत, अंधारात, चौदा दिवसांपर्यंत चालते. बर्फाशिवाय दुपारच्या लोकलने विरारहून ठाण्याला गेलेली बाटली परत पाठवावी.

नमुना कुठून घेतला हेही अहवालात यायला हवे. महापालिकेचे पाणी जोखायचे तर खालच्या टाकीत पडण्याआधी, जोडणीवर घ्यावे. आपण काय पितो ते पाहायचे तर स्वयंपाकघरातल्या नळाचे. गच्चीवरच्या टाकीत दोन गोष्टी घडतात. क्लोरीन शिल्लक असेपर्यंत आम्ले वाढतात. क्लोरीन संपला की टाकीच्या भिंतीवरचा बुळबुळीत थर, म्हणजे जिवाणूच, मोनो आणि डाय आम्ले खायला लागतो. म्हणजे आम्ले कमी आणि क्लोरीन शून्य असा अहवाल आला तर खूश होऊ नका, टाकी धुवायला काढा. त्याच नळावर, त्याच क्षणी मोजलेला उर्वरित क्लोरीन (मानकाप्रमाणे किमान ०.२ मिलिग्रॅम) शेजारी नसेल तर आम्लांच्या आकड्यातून काही कळत नाही.

स्टँडर्ड द्रावणांबाबत दोनच गोष्टी. ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल हवेतले पाणी ओढते. जुलैत दमट खोलीत झाकण उघडून तराजूवर ठेवले की स्फटिकांना पाझर फुटतो, आकडा डोळ्यांदेखत वर सरकत राहतो आणि आम्ल समजून आपण पाणी तोलतो. शक्यतो सीलबंद अँप्यूलमधले प्रमाणित द्रावण घ्यावे. आणि ही आम्ले मिथेनॉलमध्ये साठवू नयेत. ती मिथेनॉलशी जुळून हळूहळू एस्टर होतात, स्टँडर्ड खरोखरच कमी होते आणि परिणामी नमुन्यातले आकडे फुगतात.

गॅस क्रोमॅटोग्राफीची जुनी पद्धत अजूनही सन्मान्य आहे. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या ५५२.३ क्रमांकाच्या पद्धतीत ४० मिलिलिटर पाणी सल्फ्युरिक आम्लाने पीएच ०.५ च्या खाली नेतात, ४ मिलिलिटर एमटीबीई या सेंद्रिय द्रावकात आम्ले ओढतात, आम्लयुक्त मिथेनॉलबरोबर ५० अंशांवर दोन तास ठेवून त्यांचे एस्टर करतात. (स्टँडर्डच्या बाटलीत जो उपद्रव, तीच इथे मुद्दाम घडवलेली क्रिया.) मेहनत जास्त, पण ज्या लॅबकडे मास स्पेक्ट्रोमीटर नाही आणि इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर आहे, तिने यूव्हीच्या नादी न लागता हेच करावे.

अहवालातली बेरीज तपासणे तर कुणालाही जमेल. लॅबची मर्यादा प्रत्येक आम्लाला १० मायक्रोग्रॅम असेल आणि पाचही ‘आढळले नाही’ असतील, तर खरी बेरीज शून्यही असू शकते आणि ४९ ही. मर्यादा १०० असेल तर तो कागद नोटीस बोर्डावरची पिन अडवतो, बाकी काही नाही. म्हणून सोसायटीने पैसे भरण्याआधी लेखी मागावे : प्रत्येक आम्लाची वेगळी ओळ, त्यापुढे किती पातळीपर्यंत मोजले तो आकडा, पद्धतीचा क्रमांक, ब्लँकचा निकाल, आणि आपल्याच पाण्यात २० मायक्रोग्रॅम मुद्दाम घालून परत किती मिळाले त्याची टक्केवारी. ती ७० ते १३० च्या बाहेर असेल तर त्या आम्लाचा आकडा धरू नये. आलेखाची प्रत मागितल्यावर लॅब कां-कूं करू लागली तर दुसरी लॅब बघावी.

शेवटचा मुद्दा ओळी पाच हव्यात की नऊ याचा. मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करून रोज २०० दशलक्ष लिटर मिळवण्याचा प्रकल्प महापालिकेने आखला आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असते आणि आरओच्या पडद्यातून त्याचा थोडा अंश सुटतोच. ते पाणी तलावाच्या, ह्युमिक द्रव्ये असलेल्या पाण्यात मिसळून क्लोरीन घातला की आम्लांचा तोल क्लोरीनकडून ब्रोमीनकडे झुकतो. ब्रोमोक्लोरो, ब्रोमोडायक्लोरो, डायब्रोमोक्लोरो आणि ट्रायब्रोमो ही चार आम्ले पाचाच्या बेरजेत धरलेलीच नाहीत. ती वाढली तरी बेरीज घटलेली दिसेल. मिसळलेले पाणी नळाला येण्याआधीचे, आजचे नऊही आकडे महिन्याला एकदा, त्याच ठिकाणांहून आणि त्याच पद्धतीने मोजून ठेवले तरच पुढच्या आकड्यांची तुलना कशाशी तरी करता येईल. मेअखेरीस तलाव तळाला गेलेले असताना एकदा आणि जुलैत पहिला गढूळ लोंढा आल्यावर एकदा, हे दोन नमुने तर चुकवूच नयेत.

आपला,
एक विश्लेषक रसायनतज्ज्ञ
मुलुंड (पूर्व), मुंबई